म्हणजेताईंचा अडाणी

म्हणजेताईंना रस्ता चुकायची सवय होती, आणि तीही रोजच्या रस्त्यावर. घरातून छापखान्यात पोचायला चालत वीस मिनिटं पुरतात. त्यांना कधी चाळीस लागायची, कधी तासही लागायचा. वाटेत एखादं बाक दिसायचं, आणि बाक म्हणजे नेमकं काय, हा विचार डोक्यात शिरला की संपलं. बसायची जागा म्हणावं, तर लोक पायरीवरही बसतात. लांब खुर्ची म्हणावं, तर घरातले खुर्चीवाले, म्हणजे ताईंचा नवरा, रागावतील, कारण त्यांच्या मते खुर्ची ही एकाचीच असते. दोघांतिघांनी शेजारी बसायचं असं लिहावं, तर आत्ता समोरच्या बाकावर एकटंच मांजर पसरलेलं होतं. एवढ्यात वळण मागे राहायचं, आणि ताई भलत्याच गल्लीत, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरींखालून चालत असायच्या. चादरींतून गाळून आलेला पांढरा उजेड अंगावर पडला की त्यांना चादर हा शब्द लागायचा, आणि बाकाचं काम उद्यावर जायचं.

त्यांचा धंदाच तसा होता. ज्यांना मोठेपणी इंग्रजी शिकायचंय, अशा माणसांसाठी छापखाना एक जाडसर पुस्तक काढायचा. गाडी चालवणारे, दवाखान्यात सेवा करणाऱ्या, हॉटेलातल्या खोल्या आवरणारे, दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या, अशांच्या पिशवीत ते असायचं. त्यात रोजचे इंग्रजी शब्द आणि समोर आपल्या भाषेत त्यांचे सोपे अर्थ. पण 'डोअर म्हणजे दार' इतकं लिहून सुटका नव्हती. तेवढ्यासाठी ताई कशाला हव्यात? त्या पुस्तकात दाराला दार म्हणायची बंदी होती. 'भिंतीतली अशी जागा, जी उघडली की माणूस आत येतो आणि लावली की बाहेर राहतो', असं लिहायचं. शब्दाला शब्द चिकटवला की माणूस नुसतं घोकतो, आणि वस्तू डोळ्यांपुढे आली की विसरत नाही, असं थोरल्या मालकांचं म्हणणं होतं. मालक जाऊन बारा वर्षं झाली, पण म्हणणं जागच्या जागी होतं.

ताई पहिल्यांदा आल्या त्या फक्त सुवाच्य अक्षरात कार्डं उतरवून काढायला. थोरल्या मालकांनी सहज विचारलं, “पाऊस हा शब्द न वापरता छत्री सांगता येईल का?” बावीस वर्षांची ती पोरगी खिडकीबाहेर बघत इतका वेळ गप्प राहिली, की मालकांना वाटलं, हिला प्रश्न कळलाच नाही. मग ती म्हणाली, “काठीला लावलेली सावली. उघडता येते, मिटता येते.” मालकांनी तो अर्थ एका कागदावर लिहून खाली पाठवला. झाडूवाल्या मावशींनी तो ऐकून “छत्री की!” असं वरपर्यंत ऐकू येईल इतक्या जोरात सांगितलं, आणि ताईंची नोकरी पक्की झाली. त्याला आता बत्तीस वर्षं होत आली होती.

म्हणजेताई हे नावही छापखान्यातच पडलं. कुणी काहीही सांगितलं की त्या मान किंचित तिरकी करून “म्हणजे?” असं विचारायच्या. नळ दुरुस्त करणारा म्हणाला, नळ खराब झालाय, की “म्हणजे?” डॉक्टर म्हणाले, थोडी विश्रांती घ्या, की “म्हणजे?” त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी, स्थळ घेऊन आलेल्या मावशी कौतुकाने म्हणाल्या, “मुलगा अगदी सरळ आहे हो,” तेव्हा सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर नवरी मुलीने “म्हणजे?” विचारलं. मावशींना घाम फुटला. शेजारच्या खोलीत बसलेला नवरा मुलगा मात्र खो खो हसला, आणि त्या हसण्यावरच हे लग्न ठरलं, असं ताई सांगतात.

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर लाकडी खणांचं एक मोठं कपाट होतं. एकेका शब्दाचं एकेक पातळ कार्ड. वर जाड काळ्या शाईत इंग्रजी शब्द, खाली बारीक अक्षरात अर्थ, आणि उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची खूण. ही लाल खूण सगळ्यात महत्त्वाची. ती करायचा अधिकार ताईंना नव्हता, मालकांनाही नव्हता. तो फक्त अडाण्याला होता.

हसायला येईल, पण अडाणी हे त्या छापखान्यात पद होतं. थोरल्या मालकांनीच ते काढलेलं. ज्याला इंग्रजीचं अक्षरही येत नाही असा माणूस अडाणी नेमायचा. त्याला शब्द न दाखवता नुसता अर्थ वाचून दाखवायचा, आणि त्याने वस्तू बरोबर ओळखली, तर त्याच्याच हाताने कार्डावर लाल खूण करवून घ्यायची. नाही ओळखली, तर चूक त्याची नव्हे, लिहिणाऱ्याची. अर्थ कच्चा ठरायचा आणि कार्ड परत. पहिले अडाणी होते गठ्ठे बांधणारे एक काका. सहा वर्षं त्यांनी इमानाने काम केलं. मग एक दिवस पार्सलवरचा इंग्रजी पत्ता ते घडाघडा वाचून मोकळे झाले. इतक्या वर्षांत कार्डांच्या सहवासात शिकले होते बिचारे. मालकांनी सगळ्यांना बोलावून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि त्याच दिवशी त्यांना पदावरून काढलं.

त्यांच्यानंतर ते पद ताईंच्या नवऱ्याकडे, खुर्चीवाल्यांकडे आलं, आणि तिथेच राहिलं.

खुर्चीवाल्यांचं काम वेताचं. खुर्च्यांच्या फाटलेल्या बैठकी घरी आणून ते नव्याने विणून द्यायचे. घराला एक लांबट गॅलरी होती. तिथे बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या असायच्या, आणि सकाळी सहाला सगळ्या घरात ओल्या वेताचा गवतासारखा वास भरून राहायचा. खुर्चीवाले जमिनीवर मांडी घालून समोरच्या चौकटीत पट्ट्या ओवत बसायचे. ताई त्यांच्या पुढ्यात, उजेडाला पाठ करून, स्टुलावर. हातात कार्डांची गड्डी. सहा ते सात हा तास ठरलेला. लेक लहान होती तेव्हा तिलाही ठाऊक होतं, की या तासात भूक लागू द्यायची नाही.

तो तास कसा असायचा, हे सांगणं जरा अवघड आहे. ताई हळू आवाजात वाचायच्या, आणि एकेक वस्तू गॅलरीत येऊन उभी राहायची. 'पाण्यावरचं मोठं घर, जे एका गावाहून दुसऱ्या गावाला जातं.' खुर्चीवाले एक पट्टी ओवायचे, दुसरी ओवायचे, आणि मग म्हणायचे, “जहाज.” की जहाज आलंच, कठड्यापाशी संथ डुलत. 'डोळे मिटल्यावर दिसतं, उठल्यावर सापडत नाही.' दोन पट्ट्या. “स्वप्न.” बाहेर धुकं असलं तर विचारूच नका. समोरची घरं नाहीशी झालेली असायची, आणि जगात तेवढ्याच गोष्टी उरायच्या ज्यांची नावं खुर्चीवाल्यांनी आत्ता घेतली. चूक झाली तर मौज आणखी वाढायची. एकदा 'सगळ्यांच्या आधी उठतो आणि सगळ्यांना उठवतो' यावर ते ठामपणे म्हणाले, “तुझा बाप.” ताई हसून हसून स्टुलावरून पडायच्या बेतात आल्या, आणि कोंबड्याचं कार्ड परत गेलं.

गेलं वर्षभर मात्र एकही कार्ड परत गेलं नव्हतं.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. तिच्यासाठी ताईंनी तीनशे बारा नवे शब्द घेतले होते, आणि तीनशे बाराही पहिल्या झटक्यात ओळखले गेले. ताईंना वाटलं, हात बसला. इतक्या वर्षांनी का होईना, बसला. छापखान्यात मालकांची लेक, मालकीणबाई, कौतुकाने म्हणाली, “ताई, आता तुम्ही लिहायचं आणि आम्ही छापायचं. अडाण्याची गरज काय?” ताई वरवर “छे छे” म्हणाल्या, पण आतून सुखावल्या. त्या दिवशी घरी जाताना त्या तीन गल्ल्या चुकल्या.

लेकीचा फोन आला की ती तक्रार करायची, “आई, बाबा माझ्याशी नुसतं हो हो करतात गं.” ताई म्हणायच्या, “त्यांचं लक्ष वेतात असतं.” माणूस एकदा स्वतःवर खूश झाला, की त्याला समोरचं दिसत नाही. ताईंचंही तेच झालं होतं, उगीच त्यांची बाजू घेण्यात अर्थ नाही.

पानं छपाईला जायला अकरा दिवस उरले होते. सगळी कार्डं शेवटची एकदा नजरेखालून घालावीत, म्हणून ताईंनी गड्डी घरी आणली, आणि चष्मा छापखान्यातच विसरल्या. सकाळी लक्षात आलं. पण अर्थ सगळे तोंडपाठ होते, आणि कार्डं कुठल्या क्रमाने लावलीत हेही. त्या नेहमीसारख्या स्टुलावर बसल्या, वरचं कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाल्या, “दोन लांब काठ्या, मध्ये आडव्या पट्ट्या. पाय देत देत वर जायचं.”

खुर्चीवाल्यांनी दोन पट्ट्या ओवल्या. “पूल.”

“पूल?” ताई म्हणाल्या. “अहो, वर जायचं म्हणतेय मी. पलीकडे नाही.”

खुर्चीवाले गोड हसले आणि त्यांनी लाल पेन्सिलीसाठी हात पुढे केला.

ताईंनी कार्ड हात लांब करून डोळे बारीक करत पाहिलं. ते शिडीचं नव्हतंच. वर जाड काळ्या अक्षरात ब्रिज लिहिलं होतं. क्रम कुठेतरी उलटापालटा झाला होता. मग त्यांनी वळून मागे पाहिलं. मागून सकाळचं कोवळं ऊन थेट येत होतं, आणि त्या पातळ कार्डातून काळं अक्षर समोर बसलेल्याला, उलटं का होईना, आरपार दिसत होतं.

त्यांनी दुसरं कार्ड उचललं, स्पूनचं. ते धरून, जराही चेहरा न हलवता, त्यांनी घोड्याचा अर्थ सांगितला. चार पाय, मानेवर लांब केस, पाठीवर माणूस. खुर्चीवाले म्हणाले, “चमचा.”

तिसऱ्या वेळी त्यांनी कोरं कार्ड धरलं. त्यावर काहीच नव्हतं. “लहान मुलं ज्याच्याशी खेळतात,” त्या म्हणाल्या, “ज्याला फेकलं की उसळून परत येतं.” खुर्चीवाल्यांनी दोन पट्ट्या ओवल्या. मग तिसरी ओवली. मान वर करून कार्डाकडे पाहिलं, ताईंच्या ओठांकडे पाहिलं, पण उजेड पाठीमागे असल्यामुळे ताईंचं तोंड अंधारातच होतं. त्यांच्या हातातली पट्टी तशीच राहिली. “हो,” ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा, जरा बारीक आवाजात, “हो हो.”

ताई उठून आत गेल्या. त्यांनी अबोला धरला. पण अबोल्याची एक अडचण असते. तो कळायला समोरच्याला ऐकू यावं लागतं. दुपारपर्यंत त्या धुसफुसत राहिल्या आणि खुर्चीवाल्यांच्या ते गावीही नव्हतं. शेवटी वैतागून त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मी तुमच्याशी बोलत नाहीये', आणि तो त्यांच्या विणकामावर ठेवला.

खुर्चीवाल्यांनी तो वाचला. वेताचे ओले हात लुंगीला पुसले. “गेल्या वर्षापासून तुझ्या वाक्याचं शेपूट ऐकू येईना,” ते म्हणाले. “मग मधलंही जायला लागलं. तू बोलतेसही हळू. म्हटलं, सांगितलं तर तू दुसरा अडाणी शोधशील. मग सकाळी तू कुठे आणि मी कुठे? कार्डातून अक्षरं दिसतात हे एकदा ध्यानात आलं. पण दिसून काय उपयोग, वाचता यायला हवीत. मग तू छापखान्यात गेलीस की तुझं जुनं पुस्तक काढून बसायचो. रोज दहा शब्द.” त्यांनी पट्टी पुन्हा हातात घेतली. “मला उलटं इंग्रजी जास्त चांगलं येतं. सुलटं वाचताना जरा अडतो.”

ताईंना हसूही आलं नाही आणि रडूही आलं नाही. त्यांना एकच गोष्ट दिसत होती. तीनशे बारा कार्डं, तीनशे बारा लाल खुणा, आणि एकही खरी नाही. बत्तीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं, ते वर्षभर करत आल्या होत्या. स्वतःच लिहायचं आणि स्वतःच पास करायचं. हात बसला म्हणे! कोण सांगणार होतं, की यातला एक तरी अर्थ कुणाला कळतो?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकीणबाईला सगळं सांगितलं. तिने खणांच्या कपाटाकडे पाहिलं.

“खुर्चीवाले काका आमच्याच पुस्तकातून शिकले?” तिने विचारलं.

“हो.”

“म्हणजे पुस्तक चालतं, ताई!”

“जुनं चालतं,” ताई म्हणाल्या. “ते तपासलेलं होतं.”

मालकीणबाईने सुस्कारा सोडला. तिला ताईंचं दुःख समजत होतं, पण छपाईची तारीख हलण्यातली नव्हती. “दहा दिवस आहेत. तेवढ्यात कुणाकडून तपासून झालं तर नवे शब्द घेऊ. नाहीतर हे तीनशे बारा बाजूला ठेवून जुनंच पुन्हा छापू. आणि ताई, काकांचं पद आता...”

“माहीत आहे,” ताई म्हणाल्या. “टाळ्या तेवढ्या वाजवा.”

छापखान्यात नवा अडाणी मिळेना. खाली सगळे कार्डांच्या सहवासात मुरलेले. शेजारी विचारावं, तर लोक दहा अर्थ ऐकेपर्यंत जांभया द्यायला लागायचे. शिवाय खुर्चीवाल्यांना कानाच्या दवाखान्यात न्यायचं होतं. रागावल्या असल्या तरी कान काही परक्याचे नव्हते. पिशवीत गड्डी टाकून ताई निघाल्या. दवाखान्यात त्यांचा नंबर होता एकवीस, आणि आत गेला होता चार नंबर.

ती खोली मोठी नव्हती. भिंतीला धरून प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात माशांची पेटी, आणि पंखा अशा गतीने फिरत होता की त्याकडे बघता बघता डोळा लागावा. बसलेल्यांपैकी बहुतेक उतारवयाचे, आणि कुणालाच दुसऱ्याचं नीट ऐकू येत नव्हतं, त्यामुळे खोलीत एक वेगळीच शांतता होती. मासे फिरत होते. ताई त्या माशांकडे बघत राहिल्या. 'पाण्यात राहतो आणि कधी भिजत नाही.' नाही, भिजलेलाच असतो तो. मग त्यांच्या मनात आलं, की या खोलीत निदान पंधरा माणसं आहेत, आणि दोन तास कुणालाही कुठे जायचं नाहीये.

त्यांनी शेजारच्या लोकर विणणाऱ्या आजींना विचारलं, “तुम्हाला इंग्रजी येतं का?”

“डाव्या कानाने येतं,” आजी म्हणाल्या.

ताईंनी प्रश्न लिहून दाखवला. आजींनी ठणकावून सांगितलं, की मुळीच येत नाही, आणि या वयात कुणी शिकवायलाही येऊ नये. ताईंनी नुसता अर्थ एका जाड चिठ्ठीवर उतरवला, ज्यातून काहीही आरपार दिसणार नाही अशा, आणि आजींच्या हातात दिला. आजींनी सुया मांडीवर ठेवल्या. डोळे मिटले. आणि मग साऱ्या खोलीला दचकवत ओरडल्या, “उशी!”

पलीकडे बसलेले, कधीकाळी बसवर तिकिटं फाडलेले एक आजोबा वाकून म्हणाले, “मलाही द्या एक.” त्यांनी ओळखला कंदील. मग चिठ्ठ्या खुर्च्यांवरून पुढे सरकायला लागल्या. सगळे एकमेकांना ऐकू जावं म्हणून ओरडत होते. “कात्री!” “पायरी!” “अहो, जावई नव्हे, सावली!” एका निवृत्त मास्तरांना इंग्रजी उत्तम येत होतं, म्हणून त्यांना खेळात घेतलं नाही. ते इतके रुसले, की शेवटी त्यांना लाल पेन्सिलीला टोक काढायचं काम द्यावं लागलं. आतून नर्स दोनदा बघायला आली, काही भांडणबिंडण झालंय का म्हणून. खुर्चीवाले एका कडेला बसून हे सगळं बघत होते. त्यांच्याकडे एकही चिठ्ठी येत नव्हती. ते माशांकडे बघायला लागले, आणि मग बघतच राहिले.

दवाखान्याच्या तीन फेऱ्या झाल्या. एकदा कान तपासायला, एकदा मशीनचं माप घ्यायला, एकदा मशीन बसवायला. तिसऱ्या फेरीला लोकरवाल्या आजी नंबर नसताना मुद्दाम आल्या होत्या. तीनशे बारातले सत्तावीस अर्थ कच्चे निघाले. ताईंनी ते घरी बसून पुन्हा लिहिले आणि पुन्हा आणले. बाकीचे खरेच कळणारे होते. एकेक लाल खूण वाढत गेली तसा ताईंच्या छातीवरचा दगड हलका होत गेला. शेवटच्या दिवशी एकच कार्ड उरलं. शब्द होता स्टे, म्हणजे राहणं. तीन वेळा लिहून तीनही वेळा पडला होता. आजी म्हणाल्या, पाहुणा. बसवाले आजोबा म्हणाले, साहेब. कुणी म्हणालं, आळस. त्या सकाळी ताईंनी चौथ्यांदा लिहिलं, आणि अजून कुणालाच दाखवलं नव्हतं. तेवढ्यात आतून खुर्चीवाल्यांच्या नावाचा पुकारा झाला.

आत काचेची एक छोटी खोली होती, भिंतींना मऊ गादीसारखं काहीतरी लावलेलं. तिथे बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं, स्वतःचा श्वास तेवढा येत होता. कानाच्या बाई वयाने तरुण आणि बोलायला लाघवी होत्या. त्यांनी खुर्चीवाल्यांच्या दोन्ही कानांमागे मशीनं बसवली आणि म्हणाल्या, “काकू, तुम्ही काकांच्या पाठीमागे उभ्या राहा. त्यांना तुमचे ओठ दिसायला नकोत. नेहमीच्या आवाजात काहीही बोला. काका, ऐकू येईल ते जसंच्या तसं म्हणायचं.”

ताई पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. खुर्चीवाल्यांची मान किती बारीक झालीय, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. काहीही बोला म्हणे. बत्तीस वर्षं शब्दांत काढलेल्या बाईला त्या क्षणी एक शब्द सुचेना. राग कुठे गेला होता कळत नव्हतं. आत नुसती भीती होती, की आपण बोलू आणि समोरची मान तशीच राहील, आणि मग तो आवाज येईल, हो हो. वर्षभर आपण या माणसाशी बोलत होतो, आणि तो एकटा बसून अक्षरं वाचत होता, फक्त आपण उठून जाऊ नये म्हणून. ताईंनी पिशवीतून स्टेची चिठ्ठी काढली आणि नेहमीच्या हळू आवाजात वाचली.

“जाता येत असतं, तरी न जाता तिथेच असणं.”

खोलीत काही हललं नाही. कानाच्या बाईंनी वाट पाहिली. मग त्यांचा हात आवाज वाढवायच्या बटणाकडे गेला. पण खुर्चीवाल्यांनी बोट वर केलं, थांबा म्हणून. त्यांची दुसरी बोटं गुडघ्यावर एक नसलेली पट्टी ओवत होती. मग आणखी एक.

“संसार,” ते म्हणाले.

“काका, उत्तर नाही द्यायचं,” कानाच्या बाई हसत म्हणाल्या. “नुसतं परत म्हणायचं.”

“चूक,” ताई म्हणाल्या. वर्षभरात पहिल्यांदाच हे उत्तर ऐकून आलेलं होतं. इतका आनंद त्यांना तीनशे अकरा बरोबर उत्तरांनी झाला नव्हता. “साफ चूक!”

खुर्चीवाले वळले नाहीत. पाठ ताठ करून तसेच बसून राहिले. “मग अर्थ कच्चा आहे,” ते म्हणाले. “परत वाच. मोठ्यानं नको. नेहमीसारखं वाच.”